तुरुंगातून सुटलेल्या माणसाच्या औषधाचे पैसे कोण भरतं? – अमेरिकेच्या मेडिकेड योजनेतून नागरिकशास्त्राचा एक पाठ



नागरिकशास्त्रात आपण मुलांना मूलभूत हक्क शिकवतो. कर म्हणजे काय ते सांगतो. केंद्र सरकार, राज्य सरकार, स्थानिक शासन असा जिना फळ्यावर काढून दाखवतो. हे तिन्ही धडे एकाच ठिकाणी येऊन भेटतात असं उदाहरण मिळालं की मुलं आपणहून बोलायला लागतात. असं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत सापडतं. प्रश्न अगदी साधा आहे. शिक्षा भोगून तुरुंगातून बाहेर पडलेला माणूस गरीब असेल आणि आजारी असेल, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी करायचा?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडचं सोडून अमेरिकेचं कशाला? कारण तिथे हा हिशोब टक्केवारीसकट कायद्यात लिहिलेला आहे. कोणत्या दिवशी कोणाच्या तिजोरीतून किती पैसे जातात हे दाखवता येतं. वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्यांनाही हा विषय उपयोगी पडेल.

या पाठातून काय साधायचं?

१. हक्क आणि खर्च यांचा संबंध समजणे.
२. केंद्र, राज्य आणि स्थानिक शासन खर्चाची वाटणी कशी करतात ते समजणे.
३. "फुकट" या शब्दामागे कोणाचे तरी पैसे असतात हे ओळखणे.

आधी काही शब्द समजून घेऊ

मेडिकेड : गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या कायद्यावर सही केली. खर्चाचा काही वाटा केंद्र सरकार देतं आणि उरलेला राज्य सरकार देतं.

मेडिकेअर : नाव सारखं वाटतं, पण योजना वेगळी. ही मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी आहे आणि ती केंद्र सरकार चालवतं. दोन्ही योजना एकाच कायद्यातून आल्या, म्हणून मुलांचा (आणि मोठ्यांचाही) गोंधळ होतो. आजच्या पाठात आपला संबंध मेडिकेडशी आहे.

काउंटी : राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग. आपल्या जिल्ह्यासारखा समजा.

जेल आणि प्रिझन : आपण दोन्हींना तुरुंगच म्हणतो. तिथे फरक आहे. जेल साधारणपणे काउंटी चालवते. त्यात कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे ते, आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले लोक असतात. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं असतं आणि त्यात साधारण एक वर्षाहून जास्त शिक्षा झालेले पक्के कैदी असतात. पैसे कोण भरतं हे ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, तो लक्षात ठेवा.

भिंतीच्या आत : हक्क आहे, पण केंद्राचा पैसा नाही

१९६५ च्या मूळ कायद्यातच एक अट होती. सरकारी संस्थेत बंदिस्त असलेल्या व्यक्तीच्या उपचारासाठी मेडिकेडमधून केंद्राचा पैसा मिळणार नाही. तुरुंग चालवणं हे राज्याचं आणि काउंटीचं काम, तेव्हा कैद्यांच्या दवाखान्याचा खर्चही त्यांनीच करावा, असा तो विचार. अपवाद एकच. कैदी मेडिकेडच्या अटीत बसत असेल आणि त्याला बाहेरच्या रुग्णालयात २४ तास किंवा त्याहून जास्त काळ दाखल करावं लागलं, तर त्या मुक्कामाचं बिल मेडिकेडला लावता येतं.

ही अट कच्च्या कैद्यालाही लागू होते. त्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, कायद्याच्या नजरेत तो निर्दोष आहे, तरी जेलच्या दारातून आत गेला की केंद्राचा पैसा थांबतो.

पुढे ११ वर्षांनी दुसरी गोष्ट घडली. टेक्सासच्या तुरुंगात गॅम्बल नावाचा कैदी काम करत असताना त्याच्या अंगावर कापसाची गाठ पडली. पाठीच्या दुखण्यावर नीट उपचार झाले नाहीत अशी त्याने हाताने लिहून तक्रार केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७६ साली "इस्टेल विरुद्ध गॅम्बल" या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही क्रूर शिक्षा आहे आणि राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने तिला मनाई आहे. तुरुंगाच्या डॉक्टरांविरुद्धची गॅम्बलची स्वतःची तक्रार न्यायालयाला पुरेशी वाटली नाही. पण त्याच्या खटल्यातून ठरलेलं तत्त्व देशभर लागू झालं. कारणही सरळ होतं. कैदी स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाऊ शकत नाही. ज्याने त्याला कोंडलं, त्यानेच त्याच्या उपचाराची सोय केली पाहिजे.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. कैद्याला उपचाराचा हक्क आहे. पण त्या हक्काचे पैसे राज्याने किंवा काउंटीने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचे आहेत. आणि तो सुटला, फाटकाबाहेर पाऊल टाकलं, की हा हक्क संपतो! अमेरिकेत सामान्य नागरिकाला राज्यघटनेने उपचाराचा असा हक्क दिलेला नाही. म्हणजे काल सकाळी ज्याला सरकारी खर्चाने मधुमेहाची गोळी मिळत होती, त्याला आज ती विकत घ्यायची आहे. खिशात पैसे नाहीत, नोकरी नाही, आणि तिथे बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीतून मिळतो.

फाटकाबाहेरचे पहिले १४ दिवस

या पाठाचा गाभा इथे आहे, म्हणून हा भाग घाईने संपवू नका.

वॉशिंग्टन राज्यात (राजधानी वॉशिंग्टन वेगळी, हे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य) संशोधकांनी जुलै १९९९ ते डिसेंबर २००३ या काळात प्रिझनमधून सुटलेल्या ३०,२३७ लोकांची माहिती तपासली. हा अभ्यास २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात दिसलं की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या तुलनेत १२.७ पट होता. नशेच्या पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट होता.

असं का होतं? व्यसनी माणूस तुरुंगात बराच काळ अफूवर्गीय पदार्थांपासून लांब राहतो. शरीराची सवय मोडते. बाहेर आल्यावर तो पूर्वीइतकाच डोस घेतो आणि तो डोस आता त्याच्या शरीराला झेपत नाही. श्वास बंद पडतो. यावर औषधं आहेत. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही त्यांतली दोन. पण ती खंड न पडता चालू राहावी लागतात. व्यसनाचं सोडा, रक्तदाब, एचआयव्ही, मानसिक आजार यांची औषधंही मध्येच सोडून चालत नाहीत.

र्‍होड आयलंड या छोट्या राज्याने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगांत व्यसनमुक्तीची ही औषधं द्यायला सुरुवात केली आणि सुटल्यावरही ती चालू राहतील अशी बाहेरच्या केंद्रांशी जोडणी केली. तिथे २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत अतिमात्रेने मेलेल्यांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत ही संख्या ९ होती. आकडे लहान आहेत, राज्यही लहान आहे. पण २६ आणि ९ यांच्यातली १७ माणसं म्हणजे कोणाची तरी मुलं आणि कोणाचे तरी बाप, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

२०१४ मध्ये काय बदललं?

पूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गरीब असणं एवढ्यावर मेडिकेड मिळत नसे. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, मुलं सांभाळणारे काही अतिगरीब पालक, अपंग आणि वृद्ध असे ठरावीक गट होते. धडधाकट, मूलबाळ नसलेला गरीब पुरुष कुठेच बसत नव्हता. आणि तुरुंगातून सुटणाऱ्यांत जास्त भरणा अशाच पुरुषांचा असतो.

२३ मार्च २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी नव्या आरोग्य कायद्यावर सही केली. त्यानुसार २०१४ पासून, दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कोणत्याही प्रौढाला मेडिकेड मिळणार होतं. २०२५ च्या दराने एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला साधारण २१,६०० डॉलर येते.

पण जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केंद्र सरकार राज्यांवर हा विस्तार लादू शकत नाही, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. त्यामुळे आज ४० राज्यांनी आणि राजधानीने विस्तार स्वीकारला आहे, तर १० राज्यांनी नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा ही त्या १० मधली मोठी राज्यं.

इथे एक गैरसमज दूर करूया. "सुटलेल्या कैद्यांसाठी सरकारची खास मोफत योजना" असं काही नाही. सुटलेल्या माणसाला मेडिकेड मिळतं ते तो गरीब आहे म्हणून. शेजारच्या भाजीवाल्याला ज्या अटी, त्याच याला. तुरुंगात जाऊन आल्याचे जादा गुण मिळत नाहीत.

आता हिशोब मांडू

आपल्या शाळेतलं उदाहरण घेऊ. पोषण आहार शिजवण्याच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४० टक्के असतो, हे आपल्याला पाठ आहे. मेडिकेडही याच पद्धतीने चालतं. फक्त टक्के गटाप्रमाणे आणि राज्याप्रमाणे बदलतात.

जुन्या गटांसाठी (मुलं, अपंग, वृद्ध इत्यादी) केंद्राचा वाटा किमान ५० टक्के असतो. राज्य जितकं गरीब तितका केंद्राचा वाटा जास्त. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्याला ५०, तर मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला ७५ हून अधिक.

नव्या गटासाठी केंद्राने २०१४ ते २०१६ ही तीन वर्षं पूर्ण १०० टक्के खर्च उचलला. मग तो हळूहळू कमी होत २०२० पासून ९० टक्क्यांवर आला. राज्याचा वाटा १० टक्के.

समजा एका माणसाच्या उपचाराचा खर्च १०० डॉलर आहे. माणूस तोच, आजार तोच. बघा काय होतं:

• तो काउंटीच्या जेलमध्ये आहे : काउंटी १००, केंद्र ०.
• तो राज्याच्या प्रिझनमध्ये आहे : राज्य १००, केंद्र ०.
• तो प्रिझनमध्येच आहे, पण दोन दिवस बाहेरच्या रुग्णालयात दाखल आहे आणि मेडिकेडच्या नव्या गटात बसतो : केंद्र ९०, राज्य १०.
• तो सुटला आहे, राज्याने विस्तार घेतला आहे आणि त्याची नोंदणी झाली आहे : केंद्र ९०, राज्य १०.
• तो सुटला आहे, पण राज्याने विस्तार घेतलेला नाही : मेडिकेड ०.

शेवटच्या ओळीपाशी थांबा आणि मुलांना विचारा, "मग ते १०० डॉलर गेले कुठे?" बहुतेक मुलं म्हणतील, वाचले. पण नाही वाचले. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही रुग्णाला, पैसे असोत वा नसोत, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. तेव्हा औषध सुटलेला मधुमेही माणूस काही आठवड्यांनी बेशुद्ध होऊन तिथे येतो. आता १०० डॉलरच्या जागी हजारोंचं बिल होतं. ते त्याच्या नावावर कर्ज म्हणून चढतं आणि बहुधा वसूल होत नाही. मग त्याचा काही भार रुग्णालय सोसतं आणि काही भार सरकार अशा रुग्णालयांना वेगळं अनुदान देऊन उचलतं. ते अनुदानही करातूनच येतं. खर्च टळला नाही. तो उशिरा आला, मोठा होऊन आला, आणि कोणाच्या नावावर लिहायचा हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

पटावरून नाव कमी करणं आणि गैरहजेरी मांडणं

आता एक बारीक मुद्दा, जो आपण शिक्षक चटकन समजू शकतो.

ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेल्या मुलाचं काय करायचं? एक मार्ग म्हणजे पटावरून नाव कमी करायचं. मग ते परत आल्यावर पुन्हा दाखल करा, पुन्हा कागदपत्रं, पुन्हा फेऱ्या. कित्येकदा मूल त्या फेऱ्यांतच शाळेतून सुटतं. दुसरा मार्ग म्हणजे नाव पटावर ठेवायचं, ते दिवस गैरहजेरी लावायची, आणि परत आलं की त्याच दिवशी वर्गात बसवायचं.

मेडिकेडमध्ये नेमकं हेच झालं. आधीपासून मेडिकेड असलेला माणूस तुरुंगात गेला की अनेक राज्यं त्याचं नाव योजनेतून काढून टाकत. सुटल्यावर त्याला पहिल्यापासून अर्ज करावा लागे. ओळखपत्र नाही, पत्ता नाही, फोन नाही, आणि अर्ज मंजूर व्हायला आठवडे लागणार. ते धोक्याचे पहिले १४ दिवस आठवा. कागद टेबलावर असतानाच माणूस गेलेला असू शकतो.

म्हणून हळूहळू राज्यं नाव रद्द करण्याऐवजी तात्पुरतं थांबवायला लागली. अल्पवयीनांसाठी केंद्राने २०१८ च्या कायद्याने हे बंधनकारक केलं. प्रौढांच्या बाबतीत २०२४ च्या कायद्याने ठरवलं की १ जानेवारी २०२६ पासून, केवळ तुरुंगात गेला म्हणून राज्याने कोणाचं मेडिकेड रद्द करायचं नाही, फक्त थांबवायचं. या बदलाला मोठी रक्कम लागत नाही. लागते ती नोंदवही नीट ठेवण्याची शिस्त.

सुटण्याआधीचे ९० दिवस

२६ जानेवारी २०२३ रोजी कॅलिफोर्नियाला केंद्राकडून एक परवानगी मिळाली. अशी परवानगी मिळवणारं ते पहिलं राज्य. सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांपर्यंत, म्हणजे माणूस अजून आत असतानाच, काही ठरावीक सेवांसाठी मेडिकेडचा पैसा वापरता येईल. १९६५ पासूनच्या अटीला ही पहिली मोठी फट पडली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सर्व राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी परवानगी हवी असेल तर किमान तीन गोष्टी द्याव्या लागतात :

१. माणसाची गरज पाहून बाहेरचा डॉक्टर, दवाखाना, निवारा यांच्याशी त्याची गाठ घालून देणारा समन्वयक.
२. व्यसनमुक्तीची औषधं.
३. सुटताना हातात ३० दिवस पुरतील एवढी औषधं.

तिसरा मुद्दा ऐकायला किती साधा वाटतो! पण ३० दिवसांची पिशवी म्हणजे ते १४ दिवस पार करायची शिदोरी.

यात पैशाची आणखी एक अट आहे. आजवर राज्य किंवा काउंटी स्वतःच्या पैशाने तुरुंगात जी सेवा देत होती, तिचा खर्च आता केंद्र उचलणार असेल, तर राज्याचे जे पैसे वाचतील ते त्याने सुटणाऱ्यांच्या आरोग्याशी आणि पुनर्वसनाशी निगडित कामातच घालायचे. नाहीतर केंद्राचा पैसा यायचा आणि राज्य आपला हात आखडता घ्यायचं.

विरुद्ध बाजूचं म्हणणं

आपण मुलांना एकच बाजू शिकवू नये. या विषयावर अमेरिकेत खरा मतभेद आहे आणि आक्षेप घेणारी सगळी माणसं निर्दय नसतात.

आक्षेप १ : गुन्हा त्याने करायचा आणि औषधाचे पैसे आम्ही का द्यायचे? ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचं माणूस गेलं, त्याच्या तोंडून हा प्रश्न आला तर तो हसण्यावारी नेऊ नका. उत्तर असं देता येतं की न्यायालयाने जी शिक्षा दिली ती त्याने भोगली. त्या निकालपत्रात "सुटल्यावर औषधही मिळू नये" असं लिहिलेलं नसतं. आणि जो आधार मिळतो तो गरिबीच्या निकषावर, जो सर्वांना सारखा आहे.

आक्षेप २ : कधी तुरुंगात न गेलेल्या गरिबाला विमा नाही, त्याचं काय? हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. विस्तार न घेतलेल्या बहुतेक राज्यांत असं घडतं की दारिद्र्यरेषेखालच्या, मूलबाळ नसलेल्या कामकऱ्याला मेडिकेडही मिळत नाही आणि खासगी विम्यासाठीची सरकारी सवलतही मिळत नाही. ती सवलत दारिद्र्यरेषेच्या वरच्यांसाठी आहे. पण तिथे सुटलेल्या कैद्याचीही तीच गत असते. दोघं एकाच खड्ड्यात आहेत. एकाला वर काढल्याने दुसरा खाली जात नाही.

आक्षेप ३ : राज्यं आपला खर्च केंद्रावर ढकलतात. हे खरं आहे. ९० टक्के दुसऱ्याच्या खिशातून येणार असले की १० टक्क्यांचा विचार कमी होतो. पण "केंद्राचा पैसा" म्हणजे तरी काय? कर त्याच लोकांचा. टेक्सासचा करदाता केंद्राला कर देतोच. त्याच्या राज्याने विस्तार घेतला नाही, तरी त्याच्या करातून इतर राज्यांतल्या विस्ताराला पैसा जातोच.

आक्षेप ४ : कार्ड दिलं म्हणजे उपचार मिळाले असं थोडंच आहे? हेही खरं. मेडिकेड डॉक्टरांना कमी दर देतं, म्हणून काही डॉक्टर मेडिकेडचे नवे रुग्ण घेत नाहीत. पटावर नाव असणं आणि मूल शिकणं यांत जेवढं अंतर, तेवढंच इथेही आहे.

नवा कायदा, नवी अट

४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने विस्तारित गटातल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवण्याची अट घातली आहे. राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. तुरुंगातून सुटलेल्यांना पहिले तीन महिने यातून सूट आहे. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांनाही सूट आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही मान्य केलं की सुटल्याबरोबर काम मिळणं अवघड असतं. पण चौथ्या महिन्यात काय? गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसाला काम देणारे थोडे. काम मिळालं तरी त्याचा पुरावा वेळच्या वेळी सादर करायचा. जो माणूस कागदपत्रांत आधीच मागे पडतो, त्याच्यापुढे आणखी कागद येणार आहेत.

वर्गात हा पाठ कसा घ्याल?

उपक्रम : चार डबे आणि १०० चिंचोके

चार रिकामे डबे घ्या. त्यांवर चिठ्ठ्या लावा : केंद्र, राज्य, काउंटी, रुग्णालय आणि रुग्ण. चारही डब्यांत भरपूर चिंचोके ठेवा. एका मुलाला "दवाखाना" करा. मग वरचे प्रसंग एकेक करून वाचा आणि प्रत्येक प्रसंगात कोणत्या डब्यातून किती चिंचोके दवाखान्याकडे जातील ते मुलांना मोजून द्यायला सांगा. टक्केवारी आपोआप पक्की होते. शेवटच्या प्रसंगात कोणाच्याच डब्याला हात लागत नाही. तेव्हा लगेच दुसरी चिठ्ठी वाचा : "दोन आठवडे झाले. रुग्ण बेशुद्ध. आता ५०० चिंचोके लागतील." (५०० हा आकडा खेळापुरता आहे, तसं मुलांना सांगा.) कोणी द्यायचे यावरून डबेवाल्यांचं भांडण होईल. होऊ द्या. तेच शिकायचं आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. हक्क तुरुंगाच्या आत आहे आणि बाहेर नाही, हे तुम्हाला योग्य वाटतं का? का?
२. कच्च्या कैद्याला आणि पक्क्या कैद्याला एकच नियम असावा का?
३. केंद्राने ९० टक्के दिले तर राज्याने कोणती जबाबदारी घ्यायला हवी?
४. नाव रद्द करणं आणि नाव थांबवणं यांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.

आपल्या घटनेशी सांगड : आपल्याकडे "तुरुंग" हा विषय राज्यसूचीत आहे, सार्वजनिक आरोग्यही राज्यसूचीत आहे. कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दाराशी संपत नाहीत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यात म्हटलं आहे. अनुच्छेद २१ शिकवताना हा संदर्भ जरूर द्या.

पालकांसाठी दोन शब्द

घरी हा विषय निघाला तर मुलं कदाचित विचारतील, "पण तो वाईट माणूस होता ना?" लगेच उत्तर देऊ नका. उलट विचारा, "शिक्षा किती वर्षांची होती? ती संपली का?" मुलांना संपणं कळतं. शाळेत आपण अंगठे धरायला लावत नाही आता, पण मधल्या सुट्टीत वर्गात बसायची शिक्षा झाली तर सुट्टी संपल्यावर ती संपते, डबा जप्त होत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

आणि "पैसे कोण भरतं?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात हवंच असेल तर असं सांगा : पैसे प्रत्येक वेळी आपणच सगळे मिळून भरतो. आधी ठरवून, ठरलेल्या डब्यातून भरले तर कमी पडतात आणि माणूस जगतो. न ठरवता भरले तर जास्त पडतात, आणि तोवर कधी कधी माणूस राहिलेला नसतो.

उपक्रम घेऊन बघा. तुमच्या वर्गात कोणत्या डब्यावरून जास्त भांडण झालं ते जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हा पाठ घेताना उपयोगी पडेल.